देव्हाऱ्यातली जाळी

दसरा होऊन दीड महिना लोटला, दिवाळीचा पाडवाही येऊन गेला, तरी रतिलालच्या देव्हाऱ्यात गिरणीच्या पट्ट्याची लोखंडी जाळी ठाण मांडून बसलेलीच होती. चांगली दोन हात लांब, नव्या हिरव्या रंगाची, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. तिच्यापायी खंडोबाचा टाक कोपऱ्यात गेला होता आणि बाळकृष्णाला तर रांगायलाही जागा उरली नव्हती. रोज दिवेलागणीला रतिलालची बायको पार्वताबाई जाळीला निरांजन ओवाळायची आणि पुटपुटायची, "अक्काना जीव वाचाडा, माय."

ओसरीवर बसलेली झुंबरबाई हे ऐकायची आणि तिचा उजवा हात पदराखाली ठणकायला लागायचा. जीव वाचवला म्हणे! ही जाळी देव्हाऱ्यात न बसता गिरणीच्या पट्ट्यावर बसली असती, तर हातही वाचला असता. पण रोज ओवाळून घेणाऱ्या वस्तूला असं तोंडावर कोण बोलणार?

झुंबरबाई ही रतिलालची थोरली बहीण. धुळ्याहून पारोळ्याकडे निघालं की मुकटी लागतं, तिथे ह्या बहीणभावाची पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर झुंबरबाई माहेरी आली ती भावाच्या दारात पडून राहायला नाही. गिरणी तिनेच चालवली. रतिलाल मोटर बघायचा, पट्टा बघायचा, बाकी सगळं अक्का. पीठ बाहेर पडू लागलं की ती चिमूटभर उचलून बोटांत चोळायची आणि सांगायची, हे भाकरीचं, हे बिबड्यांच्या पापडांचं, हे अजून एकदा फिरवायला लागेल. गावातल्या बायका दळणाचा डबा ठेवून निर्धास्त घरी जायच्या.

खंडेनवमीला ह्या घरात हत्यार पुजायची रीत होती. बापाच्या काळी देव्हाऱ्यात एक जुना विळा ठेवायचे, तो पाडव्याला उचलायचा, मधे हात लावायचा नाही. पुढे गिरणी आली. मोटर काही देव्हाऱ्यात मावत नाही, म्हणून विळ्याच्या जागी नट आवळायचा पाना आला. पान्यावाचून काही अडत नव्हतं, शेजारचा मागून आणता यायचा. पण यंदा घरात नवी सून, नूतन, तिचा पहिला दसरा. पार्वताबाईला पूजा कशी भरगच्च हवी होती. पाना तिला फारच किरकोळ वाटला. "जाळी ठेवू," ती म्हणाली. रतिलालने नट खोलून जाळी काढली, घासली, रंगवली. झुंबरबाईने तिच्यावर कुंकू वाहिलं. झेंडूच्या माळा, भोवती नूतनची रांगोळी. फोटो पाहुण्यारावळ्यांच्या मोबाईलवर गेला, सगळ्यांनी वाहवा केली. आणि पाडव्यापर्यंत हलवायची नाही ही रीत तर बापजाद्यांची.

गिरणीचा पट्टा तसाच उघडा फिरत राहिला. दिवाळीच्या तोंडावर दळणाची ही गर्दी. एके दिवशी कळण्याचे ज्वारी-उडदाचे दाणे वरच्या पेटीत ओतताना झुंबरबाईचा पदर पट्ट्यात गेला, पदर ओढायला तिने हात घातला आणि हातही गेला. धुळ्याच्या डॉक्टरांनी अंगठा वाचवला. चार बोटं गेली.

त्या दिवसापासून गिरणी बंद आणि घरात माणसांची रीघ. येणारा प्रत्येक जण तेच बोलायचा. "कर्मना भोग, अक्का. मांगला जनमनं काहीतरी व्हई, ते फिटनं." खरं सांगायचं तर पहिले काही दिवस झुंबरबाईला ते बरं वाटलं. दुखणं सोसवत नसेल तेव्हा कुणी म्हटलं की हे ठरलेलंच होतं, तर मन थोडं पाठ टेकतं. कुणाशी भांडायला नको, कुणाला काही विचारायला नको. रतिलाल तिला मोटारसायकलवर बसवून पट्टी बदलायला न्यायचा, तिच्या ताटात भाकरी कुस्करून द्यायचा, सोमवार धरायला लागला होता. तिच्या हाताकडे मात्र तो बघत नसे. "तुनं प्रारब्ध, अक्का," एवढं म्हणून तो मान खाली घालायचा. भावावर तिचा फार जीव. ती म्हणायची, "हा भाऊ, व्हई तसं."

पण एका दुपारी तिला मिठाची चिमूट उचलता येईना. डाव्या हाताने जमत होतं, पण सवयीने उजवा पुढे गेला, आणि नुसता अंगठा मिठात रुतून राहिला. तिला रडूच कोसळलं. पार्वताबाई धावत आली, तिला कुरवाळलं, मनापासून समजूत घालायला लागली, आणि त्या भरात म्हणून गेली, "नका रडू, अक्का. मांगला जनममा कोना तरी हात तोडा व्हई तुमी, तो हिसाब पुरा व्हयना."

झुंबरबाईचं रडं जागच्या जागी थांबलं.

"कोना?" तिने विचारलं.

"काय, कोना?"

"मी कोना हात तोडा? नाव सांग."

"आते माले काय माहीत, अक्का? देवले माहीत."

"देवले माहीत, तुले माहीत, फक्त माले नही. चोरले बी कोर्टमा सांगतस, तू काय चोरं ते. माले तर सजा पहिले आनि गुन्हा कोनी सांगतच नही."

पार्वताबाई गडबडून आत निघून गेली. झुंबरबाई मात्र तिथेच बसली आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा कर्म ह्या शब्दाचा राग आला. आजवर तिने मुंगी चिरडली तरी हळहळलं होतं. आणि सगळं गाव, प्रेमाने का होईना, तिला हात तोडणारी म्हणत होतं. समजूत काढता काढता तिच्यावर गुन्हा लादून मोकळे!

हा राग कदाचित विरूनही गेला असता. पण त्याच आठवड्यात रतिलालने जाहीर केलं की गिरणी सोमवारी सुरू होणार. मुलगा पियुष पिकअप घेऊन रोज जळगावला जातो, पार्वताबाईचे गुडघे उभं राहू देत नाहीत, तेव्हा गिरणीवर नूतन बसेल. नूतन सोनगीरची, हसरी, चटपटीत पोर. ती तर खूशच झाली. "फुई, माले पीठ देखाले शिकाडा हां," म्हणत ती आत्येसासूच्या, झुंबरबाईच्या, गळ्यात पडली. तिच्या दोन्ही हातांतल्या हिरव्या बांगड्या झुंबरबाईच्या कानाशी वाजल्या.

झुंबरबाई उठली आणि थेट रतिलालकडे गेली.

"भाऊ, सोमवारना आगोदर जाळी बसाड."

रतिलालने इकडे तिकडे बघितलं. "अक्का, ती जाळी आते देवनी व्हई गयी. पार्वता रोज दिवा लावस."

"मंग नवी आन."

"आनसू ना. देखू पुढे."

"पुढे कव्हय? पोरना हात गया म्हंजे?"

रतिलाल हळूच म्हणाला, "आज जाळी बसाडी तर गाव काय म्हनी? जाळी नव्हती म्हनीसन अक्काना हात गया, असंच म्हनी ना?"

"मंग काय, खोटं म्हनी का?"

त्याचा चेहरा असा झाला की झुंबरबाईला पुढे बोलवेना. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. प्रारब्ध हा शब्द गावाने तिच्या समजुतीसाठी काढला असेल, पण त्याच्या आधाराने उभा होता तो रतिलाल. तो काढून घेतला तर हा माणूस कोसळणार. आपल्या कडेवर वाढलेला भाऊ. तिला त्याची कीव आली, मायाही आली. पण त्या रात्री तिला झोप लागेना, कारण डोळे मिटले की नूतनच्या बांगड्या वाजायच्या.

अक्काचं डोकं ताळ्यावर यावं म्हणून रतिलालनेच मग एक उपाय काढला. मारुतीच्या देवळात तेव्हा पंडित महाराजांची प्रवचनं चालली होती. महाराज जळगावच्या मेहरूणमधले, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, गोड बोलणारे. आणि विषयही नेमका कर्म. रतिलालने त्यांना रविवारी भरीत आणि कळण्याची भाकरी खायला बोलावलं. महाराजांनी पोटभर जेवण केलं, हात धुतले, आणि रतिलालने हात जोडून म्हटलं, "महाराज, आमच्या अक्कांना जरा समजावून सांगा."

महाराजांनी झुंबरबाईकडे बघितलं. तिचा हातही त्यांनी बघितला, नजर न चुकवता. तेवढ्यावरच झुंबरबाईला ते बरे वाटले.

"ताई, कर्म तीन तऱ्हेचं," महाराज म्हणाले. "बाणांचं उदाहरण घ्या. भात्यात साठून पडलेत ते संचित. धनुष्यातून सुटून गेला तो प्रारब्ध, तो आता ब्रह्मदेवालाही माघारी बोलावता येत नाही. आणि जो अजून हातात आहे तो क्रियमाण. तुमचा हात गेला तो सुटलेला बाण होता. त्याचं दुःख किती दिवस करणार?"

"बाण सोडा कोनी, महाराज?"

"आपणच. मागच्या कुठल्या तरी जन्मी."

"आनि ह्या जनममा जाळी काढी त्यानं काय?"

रतिलाल पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागला.

"ज्याने काढली त्याचं त्याला भोगावं लागेल," महाराज सावकाश म्हणाले.

"पन मना हात जानाच व्हता ना? मंग त्यानी जाळी काढी नसती तर गया असता का नही?"

"दुसऱ्या एखाद्या निमित्ताने गेला असता."

"असं शे?" झुंबरबाईने भिंतीवरच्या खुंटीकडे मान वळवली. तिथे महाराजांचं हेल्मेट लटकत होतं. "मंग तुमी ते कसाले घालतस?"

नूतनला हसू फुटलं, पार्वताबाईने तिला डोळे वटारले. महाराजांनी हेल्मेटकडे बघितलं, झुंबरबाईकडे बघितलं, आणि तेही मोकळेपणाने हसले. मग गंभीर झाले.

"ताई, खोटं बोलणार नाही. सुटलेल्या बाणाचा हिशोब मी लोकांना सांगत आलो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. मला एवढंच कळतं की भात्यातले काय आणि सुटलेले काय, सगळे कधीतरी कुणाच्या तरी हातात होते. म्हणून हातातल्या बाणाला जपायचं. शास्त्राने हे सगळं त्याच्यासाठीच सांगितलंय. गेलेल्याची समजूत काढायला नंतर आपण वापरायला लागलो."

"हातमा कोनता शे, ते माले माहीत शे," झुंबरबाई म्हणाली.

महाराज गेले. झुंबरबाई अंधार पडेपर्यंत ओसरीवर बसून राहिली. तिने स्वतःचाही झाडा घेतला. पट्टा उघडा आहे हे तिलाही दिसत होतं. रोज दिसत होतं. पूजेतली वस्तू कशी मागायची म्हणून ती गप्प बसली. ते तिचं कर्म, ह्याच जन्माचं, ह्याच दसऱ्याचं. तेवढं तिने पदरात घेतलं आणि आश्चर्य म्हणजे ते घेताना तिला अपमान वाटला नाही. न आठवणाऱ्या जन्मातल्या गुन्ह्यापेक्षा हे कितीतरी हलकं होतं, कारण ते दुरुस्त करता येत होतं. आता उरलेलं ज्याचं त्याने घ्यायचं. भाऊ कोसळला तर आपण त्याला सावरू, असं तिने ठरवलं. पोरीचा हात गेला तर तो कुणालाच परत लावता येणार नव्हता.

सोमवारी सकाळी पार्वताबाई नारळ आणि उदबत्त्या घेऊन गिरणीवर गेली. रतिलाल आणि नूतन आधीच तिथे होते. घरात कुणी नाही बघून झुंबरबाई देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. तिने हात जोडले. एक पंजा आणि एक अंगठा, जसे जुळतील तसे. मग डाव्या हाताने जाळी उचलली आणि उजव्या कोपरात अडकवून छातीशी धरली. खंडोबाचा टाक परत मधे सरकवला, बाळकृष्णाला त्याची जागा दिली. मागच्या दाराने गिरणी चार पावलांवर होती. पण ती पुढच्या दाराने निघाली, भर गल्लीतून, स्वस्तिक काढलेली बाजू लोकांकडे करून. पारावरची माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी विचारलं, "अक्का, हाई काय?" ती म्हणाली, "पट्टानी जाळी."

गिरणीच्या दारात भिकुबाई आपला डबा घेऊन पहिला नंबर लावून बसली होती. पार्वताबाईने जाळी बघितली आणि तिच्या हातातल्या उदबत्त्याच खाली पडल्या.

"देव्हारामाथीन उचली आनी? अक्का, पाप लागी!"

"लागू दे. ह्या जनमनं पाप शे ना? कसानं लागनं ते तरी माले समजी."

तिने जाळी रतिलालच्या पायाशी ठेवली, खिळ्यावरचा पाना काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"बसाड, भाऊ."

"अक्का, लोके देखी ऱ्हायनात."

"देखू दे."

"तू घर चाल. मी रातले बसाडस."

"आते बसाड. सगळास्ना समोर."

रतिलालने पाना घेतला नाही. "मी बसाडी तर मंग... मंग तुना हात मीच तोडा, असं व्हई, अक्का."

झुंबरबाईला वाटलं, नाही म्हणावं. एवढं एकच नाही, आणि हा पोरगा वाचेल. तिचे डोळे भरून आले. पण नूतन मोटरजवळ उभी होती, तिचा पदर पट्ट्यापासून वीतभरावर लोंबत होता.

"हा," ती म्हणाली. "तू जाळी काढी. पार्वतानी देव्हारामा ठेवी. मी कुकू लावं आनि उघडा पट्टा देखीसन गप बसनू. आपन तिन्हीस्नी मिळीसन मना हात तोडा. मांगला जनमना कोनी नही आठे. पन हाई पोरना हात आजून शे, भाऊ. तो आपला हातमा शे."

रतिलालने पाना घेतला.

जाळी जड होती. झुंबरबाईने ती डाव्या हाताने आणि उजव्या हाताच्या उरल्या ठोकळ्याने पट्ट्याच्या चौकटीवर दाबून धरली. रतिलाल नट आवळायला वाकला, आणि तिचा तो हात अगदी त्याच्या डोळ्यांपुढे आला. महिन्याभरात पहिल्यांदा त्याने तो नीट बघितला. शिवलेली कातडी, लालसर वळ, एकटा अंगठा. नट आवळता आवळता त्याचा हात थांबला.

"अक्का, माले माफ कर."

"हा, करं माफ. आते घट आवळ. सैल ऱ्हायनी तर खडखड करी."

त्याने सगळे नट आवळले, परत एकदा आवळून बघितले, आणि जाळी धरून गदगदा हलवली. ती हलली नाही. मग त्याने बटण दाबलं. मोटर गुरगुरली, पट्टा वेग घेत फिरायला लागला. नूतन दाणे ओतायला डबा उचलून पुढे झाली, तसा तिचा पदर पट्ट्याच्या वाऱ्याने उडाला आणि जाळीवर जाऊन चिकटला, स्वस्तिकाच्या अगदी वर. क्षणभर तिथेच फडफडला, मग घसरून खाली आला. थोडं कुंकू त्याला लागलं, एवढंच.

हे सगळ्यांनीच बघितलं. पार्वताबाईने तोंडावर हात ठेवला. रतिलाल जवळच्या पोत्यावर मटकन बसला आणि हमसून हमसून, गावासमोर, रडायला लागला.

झुंबरबाईने त्याला रडू दिलं. डाव्या हाताने तिने नूतनचा पदर कमरेला घट्ट खोचला आणि तिला पिठाच्या तोंडाशी नेऊन उभं केलं.

"आते चिमूट भर," ती म्हणाली, "आनि माले सांग, कसं शे पीठ."